पाठवलेल्या रुग्णाची खबर परत येते का? ग्रामीण आरोग्यसेवकांच्या जाळ्याविषयी

वळणवाट

नमस्कार.

ग्रामीण भागात रुग्णसेवा करणारी माणसे बहुतेक वेळा एकेकटी काम करतात. डॉक्टर, परिचारिका, सुईण, औषधविक्रेता, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचा चालक, घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका या सगळ्यांच्या हातून एकच रुग्ण जात असतो, परंतु या माणसांची आपसांत गाठ पडतेच असे नाही. त्यांचे एकमेकांना धरून असणारे जाळे उभे राहावे याबद्दल कोणाचे दुमत नसते. ते नेमके कशाने उभे राहते आणि कशाने टिकते, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. एका परिचारिकेच्या भरवशावर चालणाऱ्या लहान आरोग्यकेंद्रात मी अनेक वर्षे काम केले आहे. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे: आपण पुढे पाठवलेल्या रुग्णाची खबर आपल्याकडे परत येते की नाही, यावर जाळ्याचे जगणे-मरणे ठरते. बैठका, समित्या, फोनवरचे गट हे सगळे त्यानंतरचे आहे.

हे मत ज्या प्रसंगातून बनले तो सांगते. आठवा महिना लागलेली एक स्त्री तपासणीसाठी आली. रक्तदाब थोडा वाढलेला होता आणि पायांवर सूज होती. मी तिला मीठ कमी करण्यास आणि विश्रांती घेण्यास सांगून पुढच्या आठवड्यात बोलावले. पुढच्या आठवड्यात तिचे डोके दुखत होते आणि रक्तदाब बराच वर गेला होता, तेव्हा चिठ्ठी देऊन तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. त्यानंतर अकरा दिवस मला काहीही कळले नाही. अकराव्या दिवशी तिची सासू लसीकरणाच्या वेळी भेटली आणि तिच्याकडून समजले की तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आणि तिथल्या डॉक्टरांनी ‘हिला पहिल्याच वेळी पाठवायला हवे होते, तेव्हाच लघवीतील प्रथिने तपासायला हवी होती’ असे नातेवाइकांना सांगितले. गर्भारपणात वाढलेल्या रक्तदाबासोबत लघवीतून प्रथिने जाणे ही धोक्याची खूण असते. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. फक्त ते ज्या व्यक्तीला सांगायला हवे होते तिला कोणी सांगितले नाही. मधल्या अकरा दिवसांत माझ्याकडे तशीच लक्षणे असलेल्या आणखी दोन स्त्रिया येऊन गेल्या होत्या आणि त्यांनाही मी तोच सल्ला दिला होता. त्याच संध्याकाळी मी दोघींच्या घरी गेले. त्या ठीक होत्या, पण ते सुदैव होते.

या एका प्रसंगात जाळ्याचा सगळा हिशेब आहे. उत्तर परत आले असते तर माझे शिक्षण झाले असते, पुढच्या दोघींना वेळेवर तपासणी मिळाली असती, आणि पुढच्या वेळी शंका आली असता मी त्या डॉक्टरांना न घाबरता फोन केला असता. उत्तर न आल्यामुळे या तिन्ही गोष्टी एकदमच हुकल्या.

१९७८ च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेवर झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात ही गोष्ट तत्त्व म्हणून आलेली आहे. प्राथमिक आरोग्यसेवेला एकसंध, प्रत्यक्ष चालणाऱ्या आणि परस्परांना बळ देणाऱ्या रेफरल व्यवस्थांचा, म्हणजे रुग्णाला पुढच्या ठिकाणी पाठवण्याच्या व्यवस्थांचा, आधार असावा, असे त्यात म्हटले आहे. यातल्या ‘परस्परांना’ या शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. रुग्ण फक्त वर चढत राहिला आणि माहिती खाली उतरलीच नाही, तर त्या व्यवस्थेत परस्पर असे काही उरत नाही.

माहिती दोन्ही दिशांनी वाहू लागली तर काय घडते याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण अमेरिकेच्या न्यू मेक्सिको विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट एको’चे आहे. डॉ. संजीव अरोरा हे तिथे यकृतविकारांचे तज्ज्ञ. हेपॅटायटिस सी या आजाराच्या रुग्णांना त्यांच्या दवाखान्यात नंबर लागण्यासाठी आठ महिन्यांपर्यंत थांबावे लागत असे, आणि तेव्हाचे उपचार लांबलचक व त्रासदायक होते. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांमुळे रक्तपेशी कमी होत, नैराश्य येई, सतत देखरेख लागे. २००३ मध्ये त्यांनी दूरवरच्या प्राथमिक दवाखान्यांतील डॉक्टर, परिचारिका आणि तुरुंगांतील आरोग्य कर्मचारी यांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणण्यास सुरुवात केली. प्रत्येकाने आपला रुग्ण नाव न घेता मांडायचा, तज्ज्ञांनी आणि इतर सहभागींनी सल्ला द्यायचा, उपचार मात्र ज्याचा त्याने आपल्याच ठिकाणी करायचे. २०११ मध्ये या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण ४०७ रुग्णांपैकी विद्यापीठाच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू कायमचा गेला, आणि २१ ग्रामीण दवाखाने व तुरुंग मिळून हेच प्रमाण ५८.२ टक्के होते. रुग्णांची दोन गटांतली विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नव्हती, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत. तरीही प्राथमिक दवाखान्यात तज्ज्ञाच्या तोडीचे उपचार होऊ शकतात, एवढे त्यातून निश्चित दिसते.

लोक या उदाहरणातून तंत्रज्ञान उचलतात. मी त्यातून ठरलेला वार आणि तीच माणसे या दोन गोष्टी उचलते. गेल्या आठवड्यात ज्या रुग्णाविषयी सल्ला घेतला त्याचे पुढे काय झाले हे या आठवड्यात त्याच लोकांसमोर सांगायचे आहे, ही जाणीव सल्ला देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखीच बांधून ठेवते.

आपापल्या ठिकाणी असे काही जमले असल्यास, किंवा जमता जमता मोडले असल्यास, कृपया सविस्तर लिहावे. मोडल्याच्या कारणांची मला अधिक गरज आहे.

कंदील

वळणवाट, आपण स्वतःची चूक इतक्या मोकळेपणाने मांडलीत याबद्दल मनापासून आभार. मी वस्तीपासून दूर एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. खबर परत यावी हे मान्य. त्याच्या आधीची एक पायरी मला महत्त्वाची वाटते. दोन टोकांच्या माणसांची भाषा एक असावी लागते.

ऑस्ट्रेलियातील उडत्या डॉक्टरांच्या सेवेचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जॉन फ्लिन यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लोनकरी येथून ती सुरू झाली आणि आल्फ्रेड ट्रेगर यांनी बनवलेल्या, पायाने पॅडल मारून चालणाऱ्या रेडिओमुळे दूरच्या वस्त्यांना डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. परंतु बोलता येणे पुरेसे नव्हते. पलीकडे वैद्यकीय शिक्षण नसलेला माणूस, अवघड उच्चारांची औषधांची नावे, आणि मध्ये खरखरणारा आवाज. १९४२ पासून दूरच्या वस्त्यांवर एकसारख्या औषधपेट्या ठेवण्यात आल्या. त्यांतील प्रत्येक औषधाला क्रमांक होता, त्यामुळे डॉक्टरांना रेडिओवर फक्त क्रमांक सांगावा लागे. शरीराचे एक चित्रही दिले जाई. त्यातील भागांनाही क्रमांक असत, म्हणजे ‘दुखते कुठे’ याचेही उत्तर आकड्यात देता येई.

मला या पेटीत फार मोठी समज दिसते. तज्ज्ञाने सुचवलेले औषध आपल्या कपाटात नसेल तर तो सल्ला कितीही योग्य असला तरी रुग्णाच्या उपयोगाचा नसतो. आमच्या परिसरातील पाच दवाखान्यांनी मिळून पहिली गोष्ट केली ती हीच, की प्रत्येकाकडे कोणती औषधे, कोणत्या तपासण्या आणि कोणती उपकरणे प्रत्यक्ष चालू स्थितीत आहेत याची यादी बनवली. ती बनवताना असे लक्षात आले की एका ठिकाणी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) वापराविना झाकून ठेवलेला होता आणि तिथून जवळच्याच दवाखान्यात त्याची नितांत गरज होती. त्या दोन डॉक्टरांची वर्षानुवर्षांची ओळख होती, पण हा विषय कधी निघाला नव्हता.

आता एक अवघड प्रश्न. ‘पहिल्याच वेळी पाठवायला हवे होते’ हे वाक्य आपल्यापर्यंत पोहोचले असते तर त्या क्षणी आपल्याला शिकल्यासारखे वाटले असते, की अपमान झाल्यासारखे? मी काही चिठ्ठ्यांवर अशी उत्तरे वाचली आहेत की त्यानंतर त्या रुग्णालयात रुग्ण पाठवण्याची इच्छाच उरली नाही.

उंबरठा

मी आपणा दोघांच्या पलीकडच्या टोकाला आहे. मोठ्या रुग्णालयात पाठवलेले रुग्ण जिथे दाखल होतात त्या विभागात मी डॉक्टर म्हणून काम करतो. आमच्याकडून उत्तर का जात नाही, हे आमच्या बाजूने कोणीतरी सांगायला हवे.

सर्वांत साधे कारण हे की उत्तर कोणाला पाठवायचे तेच कळत नाही. येणाऱ्या चिठ्ठ्यांवर सही वाचता येत नाही, फोन नंबर नसतो, आणि मजकूर ‘पुढील उपचारांसाठी पाठवत आहे’ एवढाच असतो. रुग्णाला कोणते औषध किती वाजता दिले, रक्तदाब किती होता, झटका किती वाजता आला, यातले काहीच नसते. नातेवाइकांना विचारावे तर ते घाबरलेले असतात. दुसरे कारण आमच्या आतल्या रचनेचे आहे. ज्याने रुग्ण दाखल करून घेतला तो पाळी संपवून निघून जातो, शस्त्रक्रिया दुसरा करतो, घरी सोडण्याची कागदपत्रे तिसरा लिहितो, आणि या तिसऱ्याने रेफरल चिठ्ठी पाहिलेलीच नसते, कारण ती केस पेपरच्या तळाशी गेलेली असते. त्यामुळे उत्तर देणे हे कोणाचेच काम राहत नाही. यात उर्मटपणा मुळीच नसतो असे मी म्हणणार नाही, पण बहुतेक वेळा दुवाच तुटलेला असतो.

हाताबदल, म्हणजे रुग्ण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणे, नीट झाला तर फरक पडतो याला पुरावा आहे. अमेरिका व कॅनडातील नऊ बालरुग्णालयांत पाळी बदलताना रुग्णाची माहिती देण्याची एक ठरावीक पद्धत घालून दिली गेली. तिच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले. तो अभ्यास एकाच इमारतीतील डॉक्टरांचा आहे. गाव आणि रुग्णालय यांच्यामधील हाताबदलाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. त्या पद्धतीतील शेवटची पायरी मात्र आपल्याला उचलण्यासारखी आहे: ऐकणाऱ्याने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे. मी आता फोन आला की असे करतो, ‘म्हणजे दुसरे बाळंतपण, रक्तदाब अमुक, मॅग्नेशियम सल्फेटचा (झटके रोखणाऱ्या औषधाचा) पहिला डोस दिला आहे, आणि दीड तासात गाडी पोहोचेल, बरोबर?’ या अर्ध्या मिनिटात दोन वेळा गंभीर गैरसमज दुरुस्त झाले आहेत.

कंदील यांच्या प्रश्नाविषयी: उत्तरात दोषारोप नको हे मान्य. परंतु दोष टाळण्याच्या नादात माहितीच गाळली तर वळणवाट यांना जे हवे होते तेही मिळणार नाही. ‘दाखल होताना लघवीत प्रथिने तीन प्लस होती, यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या होत्या’ असे लिहिले की वाचणाऱ्या परिचारिकेला काय हुकले ते कळते, आणि ‘तुम्ही चुकलात’ असे कोणी म्हटलेलेही नसते.

वळणवाट

उंबरठा, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या त्या चिठ्ठीवर फोन नंबर होता का, हे आठवण्याचा प्रयत्न केला. नव्हता. छापील चिठ्ठीत त्यासाठी जागाच नव्हती, आणि मलाही तो लिहावा असे सुचले नाही.

कंदील, अपमान वाटला असता का? पहिल्या दिवशी नक्कीच वाटला असता. तरी मला तो कागद हवाच होता.

तिसरा प्रहर

मी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक आहे, रुग्णसेवा करत नाही, तेव्हा माझ्या लिहिण्याला तेवढीच मर्यादा समजावी. डॉक्टरांची जाळी काय करू शकतात याविषयी एक जुना अभ्यास नेहमी दाखल्यासाठी दिला जातो. १९५० च्या दशकात जेम्स कोलमन, एलिहू कॅट्झ आणि हर्बर्ट मेन्झेल यांनी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील चार शहरांत, टेट्रासायक्लिन हे तेव्हाचे नवे औषध डॉक्टरांनी कोणत्या क्रमाने वापरायला घेतले हे औषधांच्या दुकानांतील नोंदींवरून तपासले. ज्या डॉक्टरांचा सहकाऱ्यांशी सल्लामसलतीचा आणि मैत्रीचा संबंध दाट होता त्यांनी ते आधी स्वीकारले, एकटे राहणाऱ्यांनी उशिरा. ‘नवे ज्ञान ओळखीतून पसरते’ या विधानाला अनेक वर्षे हा भक्कम आधार मानला गेला.

२००१ मध्ये व्हॅन डेन बुल्टे आणि लिलियन या दोन संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि औषध कंपन्यांनी त्या काळात केलेल्या जाहिरातींचा जोर हिशेबात घेतला. तो घेताच ओळखीतून पसरण्याचा परिणाम दिसेनासा झाला.

मी हे अशासाठी सांगत आहे की ग्रामीण आरोग्यसेवकांच्या बैठकांचा खर्च कोण करते हा प्रश्न आपण फार सहज सोडून देतो. सभागृह, जेवण, प्रवास, वक्ता हे सर्व एखाद्या औषध कंपनीने किंवा रुग्ण मिळवू पाहणाऱ्या मोठ्या रुग्णालयाने पुरवले, तर वरून जाळे दिसते आणि आतून तो विक्रीचा मार्ग असतो. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे मिळू लागले की वळणवाट म्हणतात ती उलट खबर कोणालाच नकोशी होते, कारण ‘या रुग्णाला पाठवण्याची गरज नव्हती’ असे लिहिण्यात दोघांचेही नुकसान असते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की जाळ्याने पहिला नियम पैशांविषयी करावा: रुग्ण पाठवण्याबद्दल कोणीही कोणाला काहीही द्यायचे नाही, आणि बैठका इतक्या साध्या ठेवायच्या की सदस्यांच्या स्वतःच्या वर्गणीत भागतील.

चौथी पायरी

मी औषधविक्रेती आहे. वळणवाट यांच्या पहिल्याच परिच्छेदात आमचा उल्लेख आला म्हणून लिहिण्याचे धाडस करते, कारण अशा चर्चांमध्ये आम्हांला दुकानदार समजले जाते.

रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा फिट्सच्या गोळ्या रुग्णाने बंद केल्या तर ते सर्वांत आधी आमच्या लक्षात येते. दर महिन्याला येणारा माणूस या महिन्यात आला नाही, एवढीच ती खूण असते. डॉक्टरांना ते समजते तेव्हा तो अर्धांगवायूने किंवा झटक्याने त्यांच्याकडे आलेला असतो. गेल्या वर्षी मी एका वहीत दीर्घकालीन औषधे घेणाऱ्यांची, त्यांच्या संमतीने, पुढच्या तारखेची नोंद ठेवू लागले. तारीख उलटून आठवडा झाला की जवळच्या आरोग्यसेविकेला कळवते आणि ती त्या घरी चक्कर टाकते. बहुतेकदा कारण साधे असते. बरे वाटले म्हणून थांबवले, शेजाऱ्याने घाबरवले, दुकानापर्यंत आणणारा मुलगा परगावी गेला. या कामात डॉक्टरांचा सहभाग नंतर झाला. पहिले सहा महिने आम्ही दोघींनीच ते केले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये निरनिराळ्या आरोग्य व्यवसायांच्या एकत्रित शिक्षणाचा आराखडा मांडला, त्यात या व्यवसायांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे असे म्हटले आहे. ‘एकमेकांकडून’ हा भाग बैठकीत बसायला खुर्ची मिळाल्याशिवाय सुरू होत नाही. मला बैठकीचे पहिले निमंत्रण आले ते औषधांच्या दरपत्रकासह येण्याचे होते.

निमिष

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात काम करतो. माझा मुद्दा छोटा आहे.

मातामृत्यूंविषयी थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली: मदत घ्यायची हे ठरवण्यातला विलंब, तिथे पोहोचण्यातला विलंब, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. आमच्याकडे फक्त दुसऱ्या विलंबाचा हिशेब मागितला जातो, गाडी किती मिनिटांत पोहोचली एवढाच. प्रत्यक्षात मी असे रुग्ण पाहिले आहेत की गाडी वेळेवर गेली, वेळेवर पोहोचली, आणि तिथे भूलतज्ज्ञ रजेवर असल्याने पुन्हा पुढे निघाली. निघण्याआधी एक फोन झाला असता तर गाडी थेट योग्य ठिकाणी गेली असती. आमच्या चालकांना कोणत्या रुग्णालयात आज काय चालू आहे हे अनेकदा डॉक्टरांपेक्षा आधी माहीत असते. त्यांना विचारत जा, एवढीच विनंती.

कंदील

निमिष, विनंती मान्य. आमच्या यादीत चालकांचे नंबर नाहीत, ते घालतो.

फोनवरच्या गटांविषयी थोडे लिहितो, कारण आमचा पहिला प्रयत्न तिथेच मोडला आणि वळणवाट यांनी मोडल्याची कारणे मागितली आहेत. आम्ही चाळीसेक जणांचा व्हॉट्सॲप गट केला. पहिले काही आठवडे उत्साह होता. नंतर त्यात सणांच्या शुभेच्छा, राजकीय मजकूर आणि रुग्णांची छायाचित्रे येऊ लागली. एका रुग्णाच्या जखमेचे छायाचित्र त्याच्या चेहऱ्यासह गटात आले आणि दोन दिवसांत त्याच्या भावकीपर्यंत पोहोचले. त्याने मला येऊन विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याहून सूक्ष्म बिघाड असा होता की रात्री विचारलेला तातडीचा प्रश्न चाळीस जणांनी वाचला आणि प्रत्येकाला वाटले की दुसरा कोणी उत्तर देईल. सकाळपर्यंत कोणीच दिले नव्हते. ज्या बाळाविषयी तो प्रश्न होता ते वाचले, परंतु विचारणाऱ्या परिचारिकेने त्यानंतर गटात कधी काही विचारले नाही.

आता आम्ही गट फक्त सूचनांसाठी ठेवला आहे. प्रश्नांसाठी रोज एका डॉक्टरची पाळी असते आणि प्रश्न थेट त्यालाच फोन करून विचारायचा असतो. त्याने उत्तर दिले नाही तर दुसरे नाव ठरलेले आहे. एका माणसाच्या गळ्यात जबाबदारी पडल्यापासून उत्तरे येतात.

तिसरा प्रहर

कंदील यांच्या पाळीच्या पद्धतीला पूरक असे ब्राझीलचे उदाहरण आहे. तिथे १९९४ पासून कुटुंब-आरोग्य पथके काम करू लागली; डॉक्टर, परिचारिका आणि वस्तीतील आरोग्य कार्यकर्ते असे प्रत्येक पथक ठरावीक कुटुंबांची जबाबदारी घेते. २००८ मध्ये या पथकांच्या पाठीशी साहाय्यक केंद्रे उभारण्यात आली, ज्यांत मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ अशी मंडळी असत. रुग्णाने थेट त्यांच्याकडे जायचे अशी रचना नव्हती. ती मंडळी पथकांकडे जात, एकत्र बसून अवघड रुग्णांवर चर्चा करत, कधी दोघे मिळून रुग्णाला तपासत. रुग्ण पथकाचाच राहतो, ज्ञान त्याच्यापर्यंत चालत येते. पाठवण्याऐवजी सोबत पाहण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते, विशेषतः मानसिक आजारांच्या बाबतीत, जिथे ‘पाठवले’ हा शब्द रुग्णाला टाकून दिल्यासारखा लागतो.

मायेची चादर

मला एक नाजूक प्रश्न विचारायचा आहे. पदवी नसलेले, पण गावात वर्षानुवर्षे औषध देणारे लोक असतात. पारंपरिक सुईणी आणि हाडे बसवणारे असतात. रुग्ण पहिल्यांदा त्यांच्याचकडे जातो. यांना जाळ्यात घ्यावे की नाही? मी आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देते आणि या प्रश्नावर आमच्यात फूट पडलेली आहे.

वळणवाट

या प्रश्नाने माझीही झोप उडवली आहे, म्हणून उत्तर जपून देते. अल्मा-आटाच्या जाहीरनाम्याने आरोग्यपथकाच्या व्याख्येत गरजेनुसार पारंपरिक वैद्यांनाही स्थान दिले होते, योग्य प्रशिक्षणाच्या अटीसह. सुईणींच्या बाबतीत माझे मन स्वच्छ आहे. त्यांना घ्यावे, आणि रुग्णालयात बाळंतिणीसोबत थांबण्याचा मानही द्यावा, कारण ‘मी सोबत येते’ हे तिचे एक वाक्य पहिला विलंब जेवढा कमी करते तेवढे आमचे कोणतेही फलक करत नाहीत.

पदवी नसताना सलाइन आणि प्रतिजैविके देणाऱ्यांविषयी मी तेवढ्या सहजतेने बोलू शकत नाही. त्यांना जाळ्याचे सदस्य करून घेणे म्हणजे त्यांच्या उपचारांवर आपली मोहोर उठवणे होईल, आणि ते मला मान्य नाही. तरीही रुग्ण पाठवण्याचा रस्ता त्यांच्यासाठी उघडा असावा. रात्री बारा वाजता श्वास लागलेले मूल त्यांच्या दारात आले तर त्यांनी आमचा फोन न घाबरता लावावा, आणि त्या फोनवर मी आधी मुलाविषयी बोलावे, त्यांच्या परवान्याविषयी नव्हे. सदस्यत्व आणि धोक्याच्या वेळचा रस्ता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, असे माझे मत आहे. कायदा जिथे जे सांगतो ते पाळावेच लागेल.

चौथी पायरी, आपल्या वहीची पद्धत मी येत्या महिन्यापासून उचलते आहे. उंबरठा, आपल्याला एक विनंती. आपल्या विभागापुरते का होईना, उलट चिठ्ठीचे काम कोणाकडे देता येईल हे पाहाल का? मी माझ्या चिठ्ठीवर दोन भाग करते. वरचा आपल्यासाठी, खालचा फाडून परत देण्यासाठी, आणि त्यावर माझा नंबर आधीच लिहिलेला.

उंबरठा

वळणवाट, आपल्या विनंतीनंतर विभागातील वरिष्ठ परिचारिकांशी बोलून घेतले, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

डॉक्टरांवर हे काम टाकू नये असे त्यांचे म्हणणे पडले आणि ते मला पटले. रुग्ण घरी सोडताना औषधे समजावून देणारी परिचारिका ही शेवटची व्यक्ती असते जी रुग्णाशी बसून बोलते. खालचा भाग तीच भरेल. त्यासाठी आलेली चिठ्ठी केस पेपरच्या तळाशी न जाता पहिल्या पानाला पिनने लावायची, असे ठरले. तीनच ओळी असतील: निदान काय झाले, काय केले, आणि पुढच्या काही आठवड्यांत घरी कशावर लक्ष ठेवायचे. चौथी ओळ मी सुचवली होती, ‘दाखल होताना काय आढळले’, जी खरे तर आपल्याला हवी होती. ती डॉक्टरने दाखल करून घेतानाच भरायची आहे, आणि पहिला महिना माझ्या पाळीत ती मी भरेन. चिठ्ठी रुग्णाच्या हाती जाईल, आणि तिचे छायाचित्र वरच्या नंबरवर रुग्णाला विचारून पाठवले जाईल, म्हणजे कागद वाटेत हरवला तरी खबर हरवणार नाही. चिठ्ठ्या किती आल्या आणि किती परत गेल्या एवढीच मोजदाद महिन्याअखेरीस करू.

एका गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली. रुग्ण दगावला तर काय करायचे? एका परिचारिकेने सांगितले की त्या वेळी चिठ्ठी पाठवू नये, फोन करावा, आणि तो नातेवाईक गावी पोहोचण्याआधी करावा. ती स्वतः आधी लहान आरोग्यकेंद्रात होती. ज्या घरातील बाळंतीण गेली होती त्या घरी ती तिसऱ्या दिवशी, काहीही माहीत नसताना, बाळाचे वजन करायचा काटा घेऊन गेली होती. तो फोन डॉक्टरने स्वतः करायचा, असे आम्ही लिहून भिंतीवर लावले आहे.